अकरा घरचे पापड आणि माझा गुडघा

माझ्या उजव्या गुडघ्याखाली बोराएवढं टेंगूळ आहे. आता ते दुखत नाही. गुडघे टेकून फरशी पुसायला बसले तर जरा टोचतं, एवढंच. मी धुळ्याला कॉलेजात शिकते. हॉस्टेलवरच्या मैत्रिणी ते बघून विचारतात, "पडली होतीस का गं?" पडले नव्हते. पडले असते तर बरं झालं असतं, असं त्या वर्षी मला कितीतरी वेळा वाटलं. पडलेल्या मुलीला निदान कोणी खोटारडी म्हणत नाही.

आमच्या शाळेचे खेळाचे सर परवा भेटले तेव्हा म्हणाले, "हर्षाली, तुझं सगळं लिहून दे. आपल्या मुलींना वाचून दाखवतो. त्यांच्या आयांनाही." म्हणून लिहायला बसले आहे. खुर्चीवर बसले आहे, हे सरांना मुद्दाम सांगते.

तीन सुट्ट्या

आमचं गाव पिंपळनेरपासून जवळच. मी आठवीत होते आणि खो-खोशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या वर्षी मी उंचीने अशी वाढले, की आईने शाळेच्या ड्रेसची शिवण दोनदा उसवून खाली सोडली. पायात जोर होता. खांबाला वळसा घालून मी निघाले की पाठलाग करणारी पोर नुसती हात हलवत राहायची. त्यामुळे मी सगळ्यांना हवी असायचे.

सकाळी शाळेचा चौदा वर्षांखालचा संघ, सरांच्या हाताखाली. दुपारी सतरा वर्षांखालचा, कारण त्यांना एक चपळ मुलगी कमी पडत होती आणि तो संघ दुसरे सर बघायचे. संध्याकाळी गावातल्या मंडळाचा सराव, तो एक दादा घ्यायचा. रविवारी कुठे ना कुठे सामने. तिघेही चांगली माणसं. तिघेही आठवड्यातून एक दिवस मला सुट्टी द्यायचे. सरांची सुट्टी मंगळवारी, दुसऱ्या सरांची गुरुवारी, दादाची शनिवारी. म्हणजे तीन सुट्ट्या मिळाल्या आणि एक दिवसही घरी बसले नाही. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि आलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

दिवाळीनंतर गुडघा दुखायला लागला. आधी खेळून झाल्यावर दुखायचा, मग खेळताना, मग जिना उतरताना. मी तो लपवला, आणि लपवण्यात मी खेळाइतकीच हुशार होते. प्रार्थनेला सगळ्यांना खाली मांडी घालून बसावं लागतं, फक्त मॉनिटर उभी राहते. मी मॉनिटर झाले. आईला कौतुक वाटलं.

आई रात्री तेल कोमट करून गुडघा चोळायची. "वाढाचं वय शे, दुखावच," असं म्हणायची. आमच्याकडे घरात अहिराणी आणि बाहेर मराठी. आई दोन्हींची सरमिसळ करते आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

खो मिळाला आणि मी उठले नाही

फेब्रुवारीत जळगावला सामना होता. आमची पाठलागाची पाळी. मी चौकोनात बसले होते, टाचा उचलून, हात जमिनीला, जसं बसतात तसं. मागून खो मिळाला. मी उठलेच नाही. उठायचं होतं, मनाने उठलेही होते, पण गुडघ्याखाली असं काही आलं की पाय जागचा हलेना. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. सर मात्र हसले नाहीत. येताना गाडीत त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, पाय लांब करायला लावला. घरी येऊन पप्पांना म्हणाले, "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं. हिला धुळ्याला दाखवा."

पप्पा दुधाचा टेम्पो चालवतात. दोन दिवसांनी त्यांनी टेम्पो दुसऱ्याला दिला आणि आम्ही तिघं एसटीने धुळ्याला गेलो. हाडांच्या डॉक्टरांकडे एवढी गर्दी होती, की नंबर यायला दुपार झाली. पायाला, हाताला, कमरेला पट्टे बांधलेली मोठी माणसं बाकांवर बसली होती. त्यांत मी एकटीच शाळेच्या ड्रेसमध्ये. एका आजोबांनी विचारलं, "बेटा, तुला काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

डॉक्टरांनी फोटो काढला. गुडघ्याखालचा उंचवटा अंगठ्याने दाबला तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो आईने आधी कधी ऐकला नव्हता. मग डॉक्टरांनी सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण ते माझ्याशी बोलले, आईपप्पांशी नाही. म्हणाले, मांडीचे स्नायू जिथे पायाच्या हाडाला येऊन चिकटतात, तिथलं हाड तुझ्या वयात अजून कच्चं असतं, वाढत असतं. तू त्याला रोज ओढतेस, आणि सावरायला वेळ देत नाहीस. "आठवड्यातून किती दिवस खेळतेस?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा बोटांवर मोजायला लागले आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ करता करता एका हाताची बोटं संपली तसे थांबले. "रोज," ते हळूच म्हणाले. "रविवारी जास्त."

"दीड महिना खेळ बंद," डॉक्टर म्हणाले. "गुडघ्याला आराम. मग बघू."

जूनमध्ये जिल्हा संघाची निवड चाचणी होती. स्टँडवर पप्पांनी उसाचा रस घेऊन दिला आणि मी त्या ग्लासात रडले. एक भीती मात्र मी कोणाला सांगितली नाही. वाढत्या हाडाला झालंय म्हटल्यावर एक पाय आखूड राहील, असं मी मनाशी धरून बसले होते. रोज सकाळी दोन्ही पाय भिंतीला लावून टाचा बरोबर येतात का बघायचे. खूप दिवसांनी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अगं, असं काही होत नाही! तेव्हाच का नाही विचारलंस?" तुम्हाला जी भीती वाटते ती पहिल्याच दिवशी विचारून टाका.

आराम

मी घरी बसले. शाळेतून घर, घरातून शाळा. मैदानाच्या बाजूचा रस्तासुद्धा सोडून दिला. पट्टा लावायचे, बर्फ लावायचे. कोपऱ्यावरचा गारीगारवाला उरलेला बर्फाचा चुरा पिशवीत भरून फुकट द्यायचा आणि रोज विचारायचा, "आज किती दुखस?" त्याला मी दहापैकी मार्क सांगायचे.

मार्च उजाडला आणि गावात पापडांचे दिवस सुरू झाले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे वर्षाचे उडदाचे पापड एकटी बाई करत नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका एका दिवशी एकीच्या घरी जमतात, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. ज्यांच्याकडे आपण लाटायला जाऊ त्या आपल्याकडे येतात. एखाद्या घरी गेलो नाही तर वर्षभर बोलून दाखवतात. आई शेताच्या कामात होती. तिने सहज म्हटलं, "हर्षु, तू घरमाच शे ना आते. मन्हा बदला तू जाय."

तिच्याऐवजी मी गेले. मलाही बरं वाटलं, खरंच. दुपारभर गप्पा, चहा, कच्च्या पिठाची तेलात बुडवलेली लाटी खायला. शिवाय मी खेळाडू. पोळपाट समोर आला की मी तिथेही मॅच लावली. एक पाय दुमडून, एक उभा करून, टाचेवर बसायचं आणि लाटत सुटायचं. पापड झाले की टोपली घेऊन गच्चीवर, वाळत घालून खाली, परत तसंच बसायचं. शोभा अक्का, आमच्या शेजारच्या, सगळ्यांना सांगायच्या, "पोरना हात दखा! माय पेक्षा भारी शे." आईच्या कानावर ते गेलं आणि ती दोन दिवस खुशीत होती.

अकरा घरं झाली. गुडघा दुखत होता, पण मी खेळत नव्हते, त्यामुळे तो बरा होतच असणार असं मी धरून चालले. आजार म्हणजे खेळ, आणि आराम म्हणजे घर. घरातल्या कामाने काही होत असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शपथ

दीड महिन्याने परत धुळे. डॉक्टरांनी अंगठा ठेवला आणि मी आधीपेक्षा मोठ्याने ओरडले. सूज वाढली होती. डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाळा, खरं सांग. खेळतेस ना?"

"नाही."

"अजिबात?"

"नाही सर."

ते आईकडे बघून थोडं हसले, मुलांचं कळतंच आपल्याला, अशा अर्थाचं. आईचा चेहरा उतरला. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी आल्यावर तिने मला देवासमोर उभं केलं. "मन्हा डोकावर हात ठेव. सांग, खेयनी नही ना?"

मी हात ठेवला. तिचे केस उन्हाने तापलेले होते. "नही खेयनी, आई."

"लबाड बोलू नको. अक्काने तुला ग्राउंडवर पाह्यलं."

एकदा गेले होते. मैत्रिणींचा सामना होता, गुण लिहायला गेले होते, बाकावर बसून. तेही सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि माझा हात डोक्यावरून बाजूला केला. हळूच केला, पण केला. मग माझी खेळाची पिशवी उचलली, शॉर्ट, टी-शर्ट, पट्टा, प्रमाणपत्रांची फाईल सगळं आत घातलं, आणि ती धान्याच्या कोठीत टाकून वरून झाकण लावलं.

दुखण्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण आईच्या डोक्यावर हात ठेवून खरं बोलले आणि तिने ते खोटं धरलं, याने मी आतून मोडले. पुढचे पंधरा दिवस आम्ही कामापुरतं बोललो. पप्पा जेवताना एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायचे आणि भाजी छान झालीय म्हणायचे. मी तरी पापडांना जातच होते. आता राग म्हणून जात होते, आणखी जोरात लाटत होते.

"तुझा दिवस सांग"

सूज उतरेना तेव्हा डॉक्टरांनी व्यायामाच्या मॅडमकडे पाठवलं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांची खोली. कप्प्या, दोऱ्या, वाळूच्या पिशव्या, आणि भिंतीला धरून चालायला शिकणारी दोन म्हातारी माणसं. मॅडम वयाने लहान होत्या, आवाज मोठा. त्यांनी माझा गुडघा बघितलाच नाही आधी. वही घेतली आणि म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करतेस ते सांग. काही गाळू नको."

मी सांगत गेले. शाळा सकाळची. मग जेवण. मग पापड.

"कुठे?"

"ज्यांच्या घरी असतील त्यांच्याकडे."

"किती वेळ?"

"उन्हं उतरेपर्यंत."

त्यांचं पेन थांबलं. "बसतेस कशी? दाखव."

मी फरशीवर बसून दाखवलं. बसता बसता मलाच काहीतरी ओळखीचं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "आता खो-खोला बसतेस तशी बस." मी फक्त पोळपाटावरचे हात जमिनीला लावले. बाकी काही हलवावं लागलं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. आईला म्हणाल्या, "ताई, मुलगी खरं बोलतेय. हिने खेळ सोडला, पण गुडघ्याला ते कळलंच नाही."

आईला पटेना. "असं बसल्यावर काय होतं मॅडम? आम्ही बठ्ठ्या, सगळ्या जणी, असंच बसतो. लहानपणापासून." आणि ती पदर खोचून, दाखवायला म्हणून खाली बसली.

मग तिला उठता येईना.

एक हात फरशीवर, एक हात टेबलाच्या पायाला, असं करत, ओठ दाबून, ती उठली. रोज अशीच उठते ती. मी रोज बघते. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा दिसलं.

मॅडमनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. "तुमचे कधीपासून दुखतात?"

आई हसली. "ते काही मोजलं नही."

"कोणाला सांगितलं होतं?"

आई पिशवीचा बंद गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "नवी व्हती तवय सांगं व्हतं. सासू म्हणे, कामनं नाटक करस." एवढं बोलून तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

एसटीत तिने मला खिडकीची जागा दिली. साक्रीला गाडी थांबली. तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "डोकावर हात ठेवा तवय तू खरंच बोलनी व्हती."

"हो."

त्यानंतर तिने माझा हात घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि पिंपळनेरपर्यंत सोडला नाही. माफी वगैरे आमच्याकडे कोणी मागत नाही. घरी गेल्यावर तिने कोठीतून पिशवी काढली. सगळ्या प्रमाणपत्रांना गव्हाची धूळ लागली होती. ती एकेक प्रमाणपत्र पदराने पुसत बसली. खुर्चीवर बसून.

पाय सरळ, दहापर्यंत

पुढचे महिने कंटाळवाणे होते. खरं सांगायचं तर बरं होणं फार कंटाळवाणं असतं. गोधडीवर आडवं व्हायचं, पाय सरळ उचलायचा, दहा आकडे धरायचा, खाली ठेवायचा. मॅडमनी आईलाही तिच्यापुरते व्यायाम नेमून दिले होते. मग गोधडी मोठी घेतली. आम्ही दोघी शेजारी आडव्या, पप्पा दारात बसून आकडे मोजायचे आणि मुद्दाम सातनंतर परत पाच म्हणायचे. आई त्यांना तिथूनच शिव्या द्यायची.

जूनची चाचणी गेली. मी गेले नाही. त्या दिवशी सरांनी फोन केला आणि म्हणाले, "आज मैदानावर तुझी जागा मला दिसत होती." मी फोन ठेवून भरपूर रडले. आईने रडू दिलं, पाणी आणून ठेवलं.

हळूहळू चालणं, मग धावणं, मग थोडा खेळ. सरांनी एक वही केली. मी कुठेही, कोणाकडेही खेळले तरी त्यात लिहायचं, आणि ती वही तिन्ही ठिकाणी दाखवायची. दादा आधी कुरकुरला. सर म्हणाले, "पोरगी एकच आहे ना?" त्याने वही हातात घेतली. आज शाळेतल्या प्रत्येक मुलीकडे तशी वही आहे. त्यात आता एक रकाना घरच्या कामाचाही आहे. तो मी घालायला लावला.

पुढच्या वर्षी मी जिल्ह्याकडून खेळले. राज्य संघात निवड झाली नाही. दुसऱ्या मुली माझ्याहून चांगल्या होत्या, गुडघ्याला उगाच दोष देत नाही.

दुसरा उन्हाळा

शेवटी एक सांगायचं राहिलं. पुढचा मार्च आला. पापडांचे दिवस सुरू झाले. सकाळी मी ओट्यावर बूट घालत होते, आई आत भाकरी करत होती, आता उभ्याने, पप्पांनी स्वयंपाकाचा ओटा उंच करून घेतला होता. शोभा अक्का दारात आल्या.

"चाल वं. आज मन्हाकडे शेतस पापड."

आई बाहेर आली. मी तिच्याकडे बघितलं. तिने पिठाचे हात पुसले, परत पुसले. मला वाटलं, निघाली ही.

"अक्का, मन्हा गुडघा दुखस," आई म्हणाली. "टेबल लावशी तं येसू. खाले नही बसाव मी."

अक्का हसल्या. वाईट बाई नाहीत त्या. पण हसल्या. "आते पोरनं दखीसन मायले बी नाटकं सुचनात का?"

आईचा चेहरा झाला तो मला ओळखता आला. देवासमोर उभी असताना माझा तसाच झाला असणार. ती परत हात पुसायला लागली. उलटून बोलणार नव्हतीच. इतकी वर्षं कुठे बोलली होती?

मी बुटाची लेस तशीच सोडून उठले. आईजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अक्का, हिनी शपथ," मी म्हणाले. "आई लबाड बोलत नही. तिचा गुडघा खरंच दुखतो."

अक्का आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग आईच्या पायांकडे. मग पायरीवर बसल्या. बसताना त्यांनी भिंतीला हात लावला.

"मन्हा बी दुखस वं," अक्का म्हणाल्या.